पाणंदीचा अर्थ

दोन सिमेंटच्या खांबांमधून हेरेकर सर आडवे होऊन पलीकडे गेले, पण सदऱ्याची बाही मागे तारेत अडकली. नागेंद्रनं ती सोडवली. बोटभर फाटली होती.

"हितनं उसानं भरलेला ट्रॅक्टर जायचा, सर," तो ओशाळून म्हणाला. "आता माणूस जाईना झालंय."

सरांचं बाहीकडे लक्षच नव्हतं. समोर चाकोऱ्यांच्या दोन खोल रेघा गेल्या होत्या आणि त्यांच्या मधे गवत माजलं होतं. उजव्या हाताला सपाट केलेली लाल माती, तिच्यात आकडे घातलेले पांढरे दगड. प्लॉट पडले होते. डाव्या हाताला नागेंद्रच्या आईचं रताळ्याचं रान, आणि त्यात बांधालगत एक दगडी विहीर. चाकोऱ्या पन्नास-साठ पावलं गेल्या की पुन्हा तार आडवी आली होती.

"म्हणजे हीच पाणंद," सर म्हणाले. देवळात जाताना माणूस जसा आवाज खाली आणतो, तसा त्यांनी आणला होता.

सीमाभागातल्या कंग्राळी गावामागच्या सात शेतांना जायची ती एकच वाट होती. उजवीकडचं रान नागेंद्रच्या चुलत्याचं, भावकूचं. भावकू गेला, आणि त्याचा नातू आदर्श यानं गेल्या वर्षी ते लेआउटवाल्याला विकलं. लेआउटवाल्यानं कागद पाहिले, खांब रोवले आणि वाट बंद केली. मग सगळ्यांनी मिळून तहसीलदारांकडे अर्ज दिला. नागेंद्रच्या आईचं, बाळाबाईचं, रान गावच्या रस्त्याला लागून होतं, तिची वाट काही अडली नव्हती. पण विधवा बाईचं नाव पहिलं असलं की साहेब लवकर ऐकतात, असं यल्लाप्पाचं म्हणणं पडलं. यल्लाप्पाचं रान सगळ्यांत मागे होतं आणि त्याचा ऊस तोडणीला आला होता. म्हणून अर्जदार क्रमांक एक, बाळाबाई.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मुंबई राज्य असतानाच्या जुन्या रजिस्टरात त्या पट्ट्यापुढे मराठीत एकच शब्द होता, 'पाणंद'. कचेरीचा कारभार सगळा कानडीत. तिथल्या तरुण कारकुनानं कधी हा शब्द ऐकला नव्हता. त्यानं विचारून विचारून 'ओणी' असं भाषांतर केलं, म्हणजे आपली गल्ली. लेआउटवाल्याच्या वकिलानं ते उचललं. शेतात घरं नव्हती तर गल्ली कुठून आली, असं तो म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं. शेवटी साहेब म्हणाले, कुणातरी जाणकाराकडून या शब्दाचा अर्थ लिहून आणा. नागेंद्रला जाणकार एकच माहीत होता. नववी-दहावीत त्याला मराठी शिकवणारे हेरेकर सर.

श्रीपाद हेरेकरांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत त्यांना कुणी शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. लोक लग्नपत्रिका तपासायला आणत, तेवढंच. दुकानांच्या पाट्यांवरून, बसच्या कपाळांवरून, कचेऱ्यांच्या फॉर्मांवरून मराठी अक्षरं एकेक करून जाताना त्यांनी पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन पत्नीला, वासंतीबाईंना, ती बातमी घरातलं कुणी गेल्यासारखी सांगितली होती. आणि आता सरकारी कचेरी एका मराठी शब्दाचा अर्थ विचारत होती! नागेंद्रनं फोन ठेवल्यावर सर दहा मिनिटं नुसते घरातल्या घरात फिरत होते. पाणंद बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून ते आज आले होते.

बाळाबाई विहिरीकडून आली. हातातला विळा तिनं बांधावर ठेवला आणि पदरानं हात पुसले. पंचाहत्तरीच्या आसपासची, बारीक, ताठ बाई.

"सर आलासा? बसा की. च्या ठेवू?"

"चहा नको. मला फक्त बघायचं होतं." सर चाकोरीत उभं राहून दोन्ही बाजूंना हात पसरून रुंदी अजमावत होते. "बाळाबाई, तुम्हाला ठाऊक आहे का, केवढा जुना शब्द आहे हा? कुणी तो पाण्याशी जोडतं, पावसाचं पाणी हिच्यातून वाहतं म्हणून. कुणी पायाशी जोडतं. खरं मूळ कुणालाच सापडलेलं नाही. गल्लीला घरं लागतात, बोळाला भिंती लागतात. पाणंदीला फक्त बांध. दोन शेतकऱ्यांनी आपापली माती मागं घेतली, की मधे जे उरतं ते पाणंद."

"व्हय," बाळाबाई म्हणाली. "माती मागं घ्यावी लागती."

मग विळ्याच्या मुठीवरची माती नखानं खरवडत तिनं विचारलं, "सर, एक इच्यारू? समजा, जुनी पाणंद मोडली. लोकं बाजूनं चालाय लागली, आन तितं नवी पडली. मग पाणंद कुठली म्हणायची? जुनी का नवी?"

सरांना प्रश्न फार आवडला. नववीच्या वर्गातही असा प्रश्न कधी आला नव्हता.

"जुनीच!" ते म्हणाले. "लोक कुठूनही चालोत. पाणंद एकदा सोडली की सुटली. तिच्यावर मग कुणाचाच हात नाही."

"बरं," बाळाबाई म्हणाली, आणि विळा उचलून परत रताळ्याच्या वेलांत गेली.

त्या रात्रीच्या जेवणाआधी सरांनी लिहायला घेतलं आणि दोन दिवस लिहीत राहिले. चार फुलस्केप पानं झाली. शब्दकोशांतले दाखले, जुन्या सनदांतले उल्लेख, गल्ली आणि बोळ यांच्यातला फरक, सगळं आलं. शेवटच्या पानावरची तीन वाक्यं त्यांनी वासंतीबाईंना दोनदा वाचून दाखवली.

"पाणंद कुणाचीच नसते, म्हणून ती सगळ्यांची असते. ती विकता येत नाही. ती कुणी नांगरली तर माती नांगरली जाते, पाणंद नांगरली जात नाही."

"छान आहे," वासंतीबाई म्हणाल्या. "पण साहेबाला एवढं वाचायला वेळ असेल का?"

साहेबाला होता. कानडी भाषांतरासह जबाब फायलीत लागला, आणि तीन आठवड्यांनी मोजणी निघाली.

मोजणीच्या दिवशी सर पहिल्या बसनं आले. खरं म्हणजे त्यांचं तिथं काही काम नव्हतं. पण आपल्या शब्दाची जागा जमिनीवर आखली जाताना बघायची त्यांना हौस होती. सातही शेतकरी आले होते. लेआउटचा मॅनेजर गाडीत एसी लावून बसला होता. नागेंद्रनं उद्यमबागेतल्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. सर्वेयर तरुण होता. त्यानं तिवईवर यंत्र लावलं, गावच्या हद्दीचे तीन जुने दगड शोधून काढले, आणि त्याचा माणूस काठी घेऊन पुढे चालू लागला. सर्वेयर हात करून दाखवी, माणूस थांबे आणि तिथं चुन्याची चिमूट सोडे.

पहिली चिमूट बाळाबाईच्या बांधावर पडली. बांध ही पाणंदीची कड असणार, असं सगळ्यांना वाटलं. पण माणूस उजवीकडे वळलाच नाही. तो डावीकडे, रताळ्यात उतरला. वेल तुडवत अठरा फूट आत गेला आणि तिथं त्यानं दुसरी चिमूट टाकली.

"अहो, इकडं!" यल्लाप्पा ओरडला. "वाट इकडं हाय."

"नकाशात तिकडं आहे," सर्वेयर यंत्रातून डोळा न काढता म्हणाला.

पुढच्या चिमटी भराभर पडत गेल्या. दोन पांढऱ्या रेघा रताळ्याच्या रानातून सरळ निघाल्या, विहिरीपाशी आल्या, आणि विहीर त्यांच्या बरोबर मधे सापडली. लेआउटवाल्याच्या खांबांना एकाही रेघेचा स्पर्श नव्हता. तो आपल्याच हद्दीत होता, वर दोन इंच मागे.

मॅनेजर गाडीतून उतरला, रेघा पाहिल्या, आणि परत गाडीत जाऊन बसला. शेतकऱ्यांपैकी कुणी कुणाकडे बघेना. नागेंद्र सर्वेयरशी हुज्जत घालू लागला, नकाशा उलटा धरलाय का, दगड हललेत का. सर्वेयरनं शांतपणे पुन्हा मोजून दाखवलं. चुना होता तिथंच पडला.

बाळाबाई विहिरीच्या कठड्यावर बसली होती. सर तिच्याजवळ गेले.

"तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

"मी बैलांम्होरं चालायची की," बाळाबाई म्हणाली. "नवी लगीन हून आलते. मालक नांगर धरायचे. दर साली नांगराचं एक तास, एक रेघ, पाणंदीत सरकवायचे. एकच तास, जास्त न्हाय. म्हणायचे, आपल्या नांगराला बांध दिसत न्हाय."

"आणि भावकू? त्यानं काही—"

"भावजी धाकलं. थोरल्या भावाला बांधावरनं बोलायचं नसतंय आमच्यात. त्येंनी काय केलं, मालकांनी हिकडनं एक तास खाल्लं की त्येंनी आपल्या रानातलं एक तास पडीक सोडायचं. गाड्या अडू ने म्हणून. असं अठरा-वीस सालं चाललं." ती विहिरीत बघत होती. "आन ह्यो नागू झाला त्या साली दोघांनी मिळून हीर खणली. तवा पाणंद कुठं हुती, ध्यानात तरी कुणाच्या हुतं?"

सर खाली बसले. धोतराला माती लागली, तेही त्यांना कळलं नाही. आपण चाकोरीत उभे असताना या बाईनं काय विचारलं होतं ते त्यांना आता समजलं, आणि आपण तिला शाबासकी दिल्यासारखं उत्तर दिलं होतं, तेही समजलं.

"मग अर्जावर अंगठा का दिलात?"

"सात जणं दारात येऊन उभारली. न्हाय म्हणाले असते तर का म्हणून इच्यारलं असतं." तिनं पदर सारखा केला. "वाटलं, इतकं मागचं कोण काढतंय."

सुनावणी पंधरा दिवसांनी झाली. मधल्या काळात सर शब्दकोश काढून बसले होते. लोकांच्या पायाखाली पडलेल्या वाटेला पाणंद म्हणतात असा एखादा दाखला त्यांना हवा होता. तो मिळालाही, दोन ठिकाणी. आधी लिहिताना ते दोन्ही दाखले त्यांनी वाचले होते आणि मोठ्या अर्थापुढे किरकोळ म्हणून सोडून दिले होते.

कचेरीत पंखा होता, पण तो साहेबांवर होता. साहेब धारवाडकडचे, पन्नाशीचे, सभ्य गृहस्थ होते. मराठी समजत होतं, बोलत कानडी होते. त्यांनी सरांना खुर्ची द्यायला लावली.

"तुमचा जबाब मी पूर्ण वाचला," ते कानडीत म्हणाले. "दोनदा वाचला. माझ्या नोकरीत वाटेवर असं कुणी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं."

इतर कुठल्याही दिवशी हे ऐकून सरांनी आठवडाभर पाहुण्यांना सांगितलं असतं. आज ते उठून उभे राहिले.

"साहेब, मला त्यात भर घालायची आहे. चालण्यानंही पाणंद होते. लोक चाळीस वर्षं ज्या वाटेनं गेले, तिलाही लोकभाषेत पाणंदच म्हणतात. माझ्याकडे दाखले आहेत."

लेआउटवाल्याचा वकील लगेच उठला. साक्षीदार आपलाच लेखी जबाब फिरवतो आहे, असं तो म्हणाला. आणि वाट त्याच्या अशिलाच्या जमिनीतून मागायची असेल, तर ते या कचेरीचं काम नव्हे, दिवाणी कोर्टात दावा लावा, आम्ही तिथं भेटू, असंही म्हणाला. तो आवाज न चढवता बोलला, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

साहेबांनी चष्मा काढला.

"हेरेकर सर, वकील म्हणतात ते कायद्यानं बरोबर आहे. नकाशातली पाणंद मी या महिन्यात खुली करून देऊ शकतो. चालण्याची वाट म्हणालात तर फाईल बंद करून तुम्हाला कोर्टात पाठवावं लागेल. तिथं दहा वर्षं म्हणजे लवकर." त्यांनी चष्मा फायलीवर ठेवला. "तुमचं लिहिलेलं धरू, की आता बोललात ते?"

सरांनी मागे पाहिलं. भिंतीलगतच्या बाकावर शेतकरी ओळीनं बसले होते. यल्लाप्पा टोपी हातात घेऊन बसला होता. त्याचा ऊस अजून रानातच उभा होता आणि त्याला तुरे आले होते. त्याच्या शेजारचे मारुतीराव सरांच्या नजरेला नजर न देता जमिनीकडे बघत होते. सगळ्यांत कडेला बाळाबाई. ती खिडकीबाहेर झेरॉक्सच्या दुकानाकडे बघत होती, सुनावणी दुसऱ्याच कुणाची असावी तशी. नागेंद्र मात्र सरांकडे थेट बघत होता, आणि ती नजर सरांना सोसवेना.

"सर?" साहेब म्हणाले.

"लिहिलेलं," सर म्हणाले.

आपला आवाज आपल्यालाच ऐकू आला नाही असं त्यांना वाटलं. पण कारकुनानं तो ऐकला होता. त्यानं लिहून घेतलं.

निकालाची प्रत नागेंद्रनं सरांच्या घरी आणून दिली. आत आला नाही, दारातूनच गेला. चार ओळी सोडून पुढं सरांची ती तीन वाक्यं होती, अख्खी, कानडीत, अवतरणचिन्हांत. 'पाणंद' हा शब्द मात्र भाषांतर न करता तसाच ठेवला होता, कानडी अक्षरांत. सरकारी कागदावर एक मराठी शब्द बसला होता, आता तो तिथून कुणी काढू शकत नव्हतं. सरांनी प्रत वासंतीबाईंना दाखवली नाही. त्यांनी ती कपाटात कपड्यांखाली ठेवली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

खाली आदेश स्पष्ट होता. अठरा फूट रुंदीचा सरकारी पट्टा मोकळा करावा. त्यातली विहीर बुजवावी. सरकारी जागेतली विहीर म्हणून तिची भरपाई नाही. बावीस गुंठ्यांतले पाच गुंठे गेले, आणि उरलेले सतरा बिनपाण्याचे झाले.

जेसीबी आला त्या सकाळी बाळाबाईनं विहिरीची ओटी भरली. नवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. कठड्याला हळदकुंकू लावलं आणि खण पाण्यात सोडला. तो थोडा वेळ तरंगला, मग भिजून खाली गेला. हे बघून बाकीच्यांनाही राहवेना. यल्लाप्पानं घरून नारळ मागवला. मारुतीरावांनी हात जोडले. एकेक करून सातही जण विहिरीच्या पाया पडले, आणि पाया पडून झाल्यावर जेसीबीवाल्याला वाट मोकळी करून देण्यासाठी कडेला झाले.

सर लांब, तारेच्या खांबापाशी उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि कुणी जा म्हणालंही नव्हतं. आपण येऊ नये असं त्यांना पहाटेपासून वाटत होतं. तरी ते आले होते.

कठडा पहिल्या धक्क्याला आत गेला. दगड पाण्यात पडल्याचे आवाज पहिली दहा मिनिटं येत राहिले, नंतर नुसते मातीचे. दुपारपर्यंत मुरूम टाकून, रोलर फिरवून झालं. रताळ्याचे वेल एका बाजूला ढीग करून टाकले होते. त्यांची मुळं अजून बोटाएवढीच होती. नागेंद्र त्या ढिगावर बसून होता. कुणी बोलायला गेलं की मान फिरवत होता.

कचेरीचा कारकून मोबाईल घेऊन आला. तोच तो, ज्यानं 'ओणी' लिहिलं होतं.

"अर्जदार नंबर एक कोण?" त्यानं मोडक्या मराठीत विचारलं. "फोटो पाहिजे. रस्ता खुला झाला म्हणून फायलीत लावायचा आहे. अर्जदार रस्त्यावर उभा पाहिजे."

यल्लाप्पा म्हणाला, "माझा काढा की. मी बी अर्जदारच हाय."

"नंबर एक पाहिजे. सिस्टीम दुसरा घेत नाही."

बाळाबाई पुढे आली. "मीच ती. कुठं उभारू?"

कारकुनानं मोबाईलमधून बघत जागा ठरवली, हातानं तिला मागे, अजून मागे, थोडं डावीकडे असं सरकवलं. "बस, तिथंच, आजी. मध्यभागी."

बाळाबाईनं पायाखाली पाहिलं. मग वाकून पायांतल्या चपला काढल्या आणि उचलून रस्त्याच्या कडेला ठेवल्या.

"चप्पल घाला, आजी. खडी टोचेल."

"हिरीवर चपला घालून उभारत न्हाईत, बाबा," ती म्हणाली.

कारकुनाला ते समजलं नाही. त्यानं फोटो काढला, हलला म्हणून दुसरा काढला. ती डोईवर पदर घेऊन, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून, शाळेतली मुलं उभी राहतात तशी उभी होती. तिच्या मागे यल्लाप्पाचा ट्रॅक्टर चालू करून ठेवला होता. फोटो झाल्यावर ती बाजूला झाली, आणि ट्रॅक्टर पुढे आला.